‘साउंड्स गुड’ आणि इतर भानगडी

तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर बोलू नका. आमच्या बिल्डिंगमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बिघडल्या. चांगल्या घरच्या, साध्या बाई. दुधाचा खाडा कॅलेंडरवर मांडण्यापलीकडे त्यांनी गेल्या वीस वर्षांत पेन उचललेलं आख्ख्या डोंबिवलीत कुणी पाहिलेलं नाही. त्यांनी गेल्या महिन्यात सोसायटीच्या कमिटीला ईमेल केला. विषय लीकेजचा. आणि सुरुवात काय? ‘आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल.’

माझा चहा कपातच राहिला हो. ज्या बाई सेक्रेटरींना जिन्यातून ‘अहो, तुमचा तो प्लंबर वारला की काय?’ असं ओरडून विचारतात, त्या इंग्रजीत लिहितात की बाथरूमच्या छतातून सातत्याने होणाऱ्या पाझराकडे आपलं लक्ष वेधण्याची परवानगी असावी, आपल्या सहकार्याबद्दल आगाऊ आभार. आणि शेवटी ‘वॉर्म रिगार्ड्स’. भिंतीला ओल आलीय, रंगाचे पोपडे पडतायत, आणि बाई ऊब पाठवतायत!

सेक्रेटरीही कमी नाहीत. अकरा मिनिटांत त्यांचं उत्तर हजर: ‘थँक यू फॉर रीचिंग आउट.’ मग काकूंचं उत्तर. मग त्यांचं. चार दिवसांत सात मेल झाले, एकापेक्षा एक गुळचट. मला सी.सी.त ठेवलं होतं म्हणून वाचले. दुसऱ्याची पत्रं चोरून वाचायची मला सवय नाही. पाचव्या दिवशी लिफ्टमध्ये दोघं समोरासमोर आले. मध्ये मी, हातात भाजीची पिशवी.

‘काय मग, कधी येतोय प्लंबर?’ काकूंनी विचारलं.

‘कुठला प्लंबर?’

‘अहो, तुम्हीच लिहिलंत ना, मंगळवारी पाहणी करू म्हणून?’

‘मी लिहिलं?’ सेक्रेटरींनी तिथल्या तिथे फोन काढून स्वतःचाच मेल वाचला. वाचता वाचता भुवया वर गेल्या. ‘वा, छान लिहिलंय,’ म्हणाले. मग जरा खाली सरकून, ‘पण काकू, तुम्ही हे स्ट्रक्चरल इंटिग्रिटी म्हणून जे म्हटलंय, ते नक्की काय?’

‘ते मला काय माहीत? नातवानं बटण दाखवलं, मी दाबलं.’

सात पत्रं झाली, लिहिणारा कुणी नाही, वाचणारा कुणी नाही. पाणी तेवढं अस्सल होतं. ते टपकत होतं.

आता हे बटण म्हणजे काय प्रकरण, याचा छडा लावल्याशिवाय मला झोप येते का? माझं स्वतःचं मेलचं खातं कुठल्या कंपनीत आहे ते मी सांगणार नाही. माझे सगळे फोटो त्यांच्याकडे आहेत, उगाच वैर कशाला. पण बटणाची कुंडली काढली. या बटणांचं मूळ घराणं गूगलचं. नोव्हेंबर २०१५मध्ये त्यांनी इनबॉक्स नावाच्या आपल्या मेल ॲपात ‘स्मार्ट रिप्लाय’ आणलं. मेल उघडला की खाली तीन तयार उत्तरं; आवडेल त्यावर बोट ठेवा, की झालं. काही महिन्यांत त्या ॲपातून फोनवरून जाणाऱ्या उत्तरांपैकी १० टक्के उत्तरं अशी बोट ठेवून जाऊ लागली. २०१७मध्ये ही सोय जीमेलच्या फोनवरच्या ॲपात आली, आणि मग काय, ‘साउंड्स गुड’ची साथच पसरली.

पण खरी मजा त्याच्या आधीची आहे. जरा जवळ या. हे यंत्र अजून तालमीत होतं, तेव्हा ते कुठल्याही मेलला ऊठसूट एक उत्तर सुचवायचं: ‘आय लव्ह यू.’ मी रचून सांगत नाहीये. गूगलच्या संशोधकांनीच हे जाहीरपणे लिहून ठेवलंय. म्हणजे समजा साहेबांनी लिहिलं, सोमवारपर्यंत ताळेबंद पाठवा. उत्तर: आय लव्ह यू. बिचाऱ्या यंत्राची चूक नव्हती. माणसं मेलमध्ये हे वाक्य इतक्या वेळा लिहितात, की कशाला काय उत्तर द्यावं हे कळेनासं झालं की यंत्र आपलं खपाऊ वाक्य पुढे करायचं. वधूसंशोधनाला गेलेला मुलगा घाबरला की सगळ्यांना वाकून नमस्कार करत सुटतो, तसं.

आणि मेलचं नि प्रेमाचं हे लफडं जुनं आहे बरं का! ४ जुलै १९९६ला सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं. फुकट मेल, कुठल्याही सायबर कॅफेत बसून उघडा. त्यांना पैसे पुरवणारे टिम ड्रेपर म्हणाले, प्रत्येक मेलच्या तळाशी आपली जाहिरात टाका, आणि तिच्याआधी लिहा, ‘ता. क. आय लव्ह यू’. भाटिया-स्मिथनी जाहिरात ठेवली, प्रेम काढून टाकलं. शहाणी मुलं, पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं त्यांची कंपनी विकत घेतली. काढलेलं प्रेम मात्र चार वर्षांनी भलत्याच दारानं आलं. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ असा विषय लिहिलेला मेल जगभर फिरला; सोबतचं ‘प्रेमपत्र’ उघडलं की तो मेल तुमच्या पत्त्याच्या वहीतल्या सगळ्यांना आपोआप जायचा. जावई, वाणी, विम्याचा एजंट, सगळ्यांना. कंप्यूटर बिघडला ते एक, अब्रू गेली ते वेगळं.

असो. तर प्रेमप्रकरणाखेरीज यंत्राची आणखी एक तऱ्हा होती. तीन उत्तरं सुचवायचं, पण तिन्ही एकच: उद्या भेटू या, उद्याच भेटू, भेटायचं का उद्या? तिघंही होयबा! मग इंजिनिअरांनी नियम घातला, की पहिल्या दोन उत्तरांत होकार असेल आणि नकार कुठेच नसेल, तर तिसरं उत्तर नकाराचं असलंच पाहिजे. सोसायटीच्या वार्षिक सभेत एक गृहस्थ प्रत्येक ठरावाला हरकत घ्यायलाच येतात ना, तसा एक पगारी ‘नाही’वाला बसवला.

बरं, या घराण्यात थट्टा कुठली आणि खरं कुठलं हेच कळत नाही. जीमेल जाहीर झालं १ एप्रिल २००४ला. एक जीबी जागा फुकट देतो म्हणाले. त्या वेळी हॉटमेलवर २ एमबी आणि याहूवर ४ एमबीत लोक संसार करायचे. दोन फोटो आले की तिसऱ्याआधी झाडलोट. लोकांना वाटलं, एप्रिल फूल. ते खरं निघालं. मग १ एप्रिल २००९ला त्यांनी सांगितलं, ‘जीमेल ऑटोपायलट’ आणलंय, तुमच्या मेलांना आपोआप उत्तरं देईल. ही मात्र खरोखर थट्टा होती. सगळे हसले. सहा वर्षांनी त्याच लोकांनी ती थट्टा दुकानात मांडली, आणि आज आमच्या दुसऱ्या मजल्यावर ती नांदतेय.

आता कुणी म्हणेल, तयार उत्तरात वाईट काय? निदान हातून वेडंवाकडं तरी जात नाही. ते मात्र खरं. माणसाच्या हाती उत्तराचं बटण दिलं की तो काय दिवे लावतो, त्याच्याही कथा आहेत. ऑक्टोबर १९९७मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टच्या एका कर्मचाऱ्याला दिसलं, की आपलं नाव ‘बेडलॅम डीएलथ्री’ नावाच्या कुठल्यातरी यादीत आहे. त्यानं यादीलाच लिहिलं, मला काढा. यादीत सुमारे १३ हजार लोक. त्यातल्या कित्येकांनी सगळ्यांना उत्तर दिलं, ‘मलाही!’ मग शहाण्यांनी सगळ्यांना लिहिलं, ‘सगळ्यांना लिहू नका!’ दीड कोटी मेल झाले आणि कंपनीची मेलव्यवस्था आडवी पडली. वाचलेल्यांनी नंतर ‘मी बेडलॅममधून वाचलो’ असे टीशर्ट शिवून घेतले म्हणे.

मायक्रोसॉफ्टला तरी कळलं. इतरांना कुठलं कळायला? नोव्हेंबर २०१६मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत एक चाचणीचा मेल चुकून आठ लाखांहून जास्त लोकांना गेला. त्यावर लोकांनी ‘रिप्लाय ऑल’ करून काय लिहिलं असेल? ओळखलंत. ‘मला काढा.’ शेवटी २०२०मध्ये मायक्रोसॉफ्टनं बांध घातला: पाच हजारांवर लोकांच्या मेलला तासाभरात दहा जणांनी सगळ्यांना उत्तर दिलं, की पुढचे चार तास तोंड बंद. आमच्या सोसायटीत माणसं छत्तीस, म्हणून ही सोय आम्हाला मिळत नाही. म्हणूनच तर ‘हा खजिनदार थकबाकीवाल्यांच्या घरी जेवायला जातो’ हे वाक्य, जे तिसऱ्या मजल्यानं फक्त पहिल्या मजल्याला लिहिलं होतं, ते खजिनदारांनी सहकुटुंब वाचलं. बाण सुटल्यावर परत घ्यायला फार तर तीस सेकंद मिळतात. पाठवलेला मेल मागे ओढायची ती सोय जीमेलमध्येही आहे. पण तिसऱ्या मजल्याला चूक कळली ती रात्री, खजिनदारीणबाईंनी भांडी आपटायला सुरुवात केल्यावर.

२००८मध्ये तर जीमेलनं एक गंमत काढली होती, ‘मेल गॉगल्स’. शुक्रवार-शनिवारच्या उत्तररात्री मेल पाठवायला गेलात, की आधी मिनिटभरात पाच गणितं सोडवायची. बेरीज-वजाबाकी जमली तर माणूस शुद्धीवर, मग जाऊ दे मेल. ही सोय पुढे काढून टाकली. का काढली देव जाणे. आमच्याकडे ती रोज, चोवीस तास चालू हवी होती.

पण मला खरा धक्का कुणी दिला माहितीय? माझ्या सख्ख्या भाच्यानं. मी अठ्ठावीस वर्षं सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर काढली. पत्र आलं की शिक्का, क्रमांक, तारीख. उत्तर गेलं की ‘विषय’ आणि ‘संदर्भ: आपले पत्र क्रमांक अमुक’. मेल शिकले तेव्हा मला उलट घरी आल्यासारखं वाटलं. उत्तराच्या विषयाला पुढे जे ‘आरई’ लागतं, ते लोक रिप्लायचं समजतात. ते मूळ लॅटिन, ‘बाब’ या अर्थाचं. म्हणजे आमचा ‘विषय’च तो. आणि प्रत्येक मेलच्या पोटात एक न दिसणारा क्रमांक असतो. उत्तर गेलं की त्यात मूळ मेलचा क्रमांक नोंदला जातो. म्हणजे ‘संदर्भ’! म्हणून तर उत्तरं एकाखाली एक शिस्तीत लागतात. मला वाटलं, आपल्याच जातकुळीचा कुणी कारकून आत बसलाय.

तर अशा विश्वासानं मी भाच्याला अमेरिकेत लांबलचक मेल लिहिला. वाईचा वाडा विकला त्याची हकिकत. झोपाळा कुणी नेला, त्याच्या एका कडीला आजीनं बांधलेली तांबडी चिंधी अजून तशीच होती, विहिरीत दोर टाकला तेव्हा पाणी किती वर लागलं, आणि सही करताना त्याच्या मामाचा हात कसा थांबला. दोन तास लागले टाइप करायला. उत्तर आलं: ‘थँक्स फॉर शेअरिंग, मावशी! टेक केअर.’

मी फोनच लावला. ‘मेला, वाचलंस तरी का?’

‘मावशी, खरं सांगू? सारांश वाचला. वरती येतो ना आपोआप.’

‘काय आलं होतं सारांशात?’

तो जरा घुटमळला. मग वाचून दाखवलं. ‘कौटुंबिक मालमत्तेच्या विक्रीबाबत माहिती. आपल्याकडून कोणतीही कृती अपेक्षित नाही.’

शिव शिव शिव. आवक-जावकच्या टेबलावरसुद्धा मी एवढा कोरडा गोषवारा कधी केला नसेन. आणि हे पोर माझ्या मांडीवर त्याच झोपाळ्यावर झोपलेलं!

दोन दिवस मी धुमसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, की पूर्वी असं नव्हतं. मग कपाट आवरताना जुन्या पत्रांचा गठ्ठा हाती लागला, आणि माझाच घसा बसला. प्रत्येक पत्राची सुरुवात ‘साष्टांग नमस्कार वि. वि.’ मग ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील खुशाली कळवावी.’ शेवट ‘मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.’ माझ्या काकांची चाळीस पत्रं, चाळिसांतही तेच. घरात दोन आजारी, एक नोकरीवरून घरी बसलेला, तरी इकडील सर्व क्षेमच! काकू ‘होप धिस फाइंड्स यू वेल’ म्हणाल्या तर मी नाक मुरडलं. आमचे काका तेच मराठीत म्हणत होते.

तार आठवतेय ना? जुलै २०१३मध्ये बंद झाली ती. तारेत शुभेच्छांची वाक्यं ठरलेली असायची आणि प्रत्येकाला एकेक नंबर. दिवाळीचा वेगळा, लग्नाचा वेगळा. खिडकीवर नंबर सांगायचा, तिकडे वधूवरांवर स्वर्गातले आशीर्वाद बरसायचे. बटणच की ते! आणि जोडकार्ड? त्यात उत्तराचं अर्धं कार्ड पाठवणाराच जोडून द्यायचा, पत्तासुद्धा आपणच घालायचा, म्हणजे समोरच्या आळशानं चार ओळी तरी खरडाव्यात. म्हणजे उत्तर देण्याचा कंटाळा इंटरनेटनं आणलेला नाही. तो आपला वडिलोपार्जित आहे.

फक्त एक फरक आहे. काकांच्या पत्रात मायना उसना, शेवट उसना, पण मधे मजकूर असायचा. ‘कपिला व्यायली, कालवड झाली.’ ‘आबांना चष्मा लागला, ते तो घालत नाहीत.’ दोनच ओळी, पण त्या दुसऱ्या कुणाला लिहिता आल्या नसत्या. नमस्कार आणि लोभ ही नुसती ताटाभोवतीची रांगोळी. वाढलेलं घरचं असायचं. आता वाढायलाही केटरर आलाय.

एवढी शहाणी होऊन मी काय केलं ते ऐका, म्हणजे माझ्या नावानंही चार बोटं मोडता येतील.

ऑफिसात माझ्यासमोरच्या टेबलावर बसायची ती मैत्रीण ठाकुर्लीला राहते. एक स्टेशन. व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणांची तिला धास्ती वाटते, म्हणून ती मेल करते. तिनं गुडघा बदलून घेतला. तिचा मेल आला: ‘बुधवारी लेक परत जातेय. गुरुवारी टाके काढतील. दुपारी येशील का? नुसती बस.’ मी भाजीवाल्यासमोर उभी, एका हातात मेथीची जुडी. खाली तीन बटणं. मी एकावर बोट ठेवलं: ‘शुअर, सी यू देन!’ उद्गारचिन्हासकट. मेथी पिशवीत टाकली, फोन पर्समध्ये टाकला, आणि गुरुवारी दुपारी मी घरी बसून सीरियल बघितली.

शनिवारी सहज मेल चाळताना माझंच उत्तर मला दिसलं. लिफ्टमधल्या सेक्रेटरींसारख्या माझ्याही भुवया वर गेल्या. मी लिहिलं हे? तिची तक्रार नाही, फोन नाही, काही नाही. गुरुवारी ती दुपारभर बसून राहिली असणार. ‘येते’ हा शब्द मी हातानं लिहिला असता, तर तो लिहिताना गुरुवार डोक्यात शिरला असता. बटणानं उत्तर अगदी वक्तशीर पोचवलं. त्याला ठाकुर्लीला जायचं नव्हतं. मला जायचं होतं.

मग मी बसले. बटणांकडे बघितलं नाही. यंत्रानं दोनदा पुढचा शब्द सुचवला, करड्या अक्षरांत, आगाऊ पाहुण्यासारखा. तो खोडून काढला. लिहिलं: ‘गुरुवारी विसरले. वाचल्याशिवाय बटण दाबलं होतं. आज चारला येते. गुळाच्या पोळ्या केल्यात, तूप तुझ्याकडचं.’ मायना नाही, लोभ नाही. पाठवून झाल्यावर पोटात गोळा आला; अठ्ठावीस वर्षांत हजारो पत्रं जावक केली, कधी आला नव्हता.

पाऊण तासानं उत्तर आलं. पाऊण तास! यंत्राला एवढा वेळ लागत नाही, तेव्हाच ओळखलं की स्वतः लिहितेय.

‘ये. बेल बिघडली आहे, कडी वाजव. मला दारापर्यंत यायला वेळ लागतो, तेवढी थांब.’

त्याच्याखाली तीन बटणं लगबगीनं हजर झाली: ‘ओके’, ‘ग्रेट’, ‘साउंड्स गुड’. मी फोन टेबलावर पालथा ठेवला, पोळ्यांचा डबा घेतला आणि चपला घातल्या.